फुटलेल्या फोनचा हिशोब

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका देवळी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मधल्या सुट्टीत फोनवर पोषण आहाराची नोंद भरत असताना एक मूल धावत येऊन त्यांना धडकले आणि फोन व्हरांड्याच्या फरशीवर, तोही नेमका कोपऱ्यावर, पडला. काचेवर कोळ्याचे जाळे उमटले आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा झाला. संध्याकाळी वर्ध्याच्या दुकानात नेल्यावर दुकानदार म्हणाला, "डिस्प्लेच गेला ना मॅडम. पाच हजार लागतीन." फोन दोन वर्षांपूर्वी चौदा हजारांना घेतलेला होता.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत तीन मते पडली. एक सर म्हणाले, जुन्यात पाच हजार घालण्यापेक्षा नवाच घ्या. दुसरे म्हणाले, दुरुस्त करा, अजून दोन वर्षे सहज जाईल. तिसऱ्यांनी अशा वेळी नेहमी ऐकू येणारे वाक्य उच्चारले, "घेतानाच विमा काढायला पाहिजे होता."

या तिन्ही मतांच्या पोटात गणित आहे आणि ते आठवी-नववीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने हातातल्या कामाशी जोडून गणित शिकवावे असा आग्रह धरला. तेव्हा मुलांच्या हाती टकळी होती, आज घरोघर फोन आहे. ही तुलना फार ताणायला नको, कारण टकळी मोडली तर मूल ती स्वतःच नीट करू शकत होते.

लेखातले किमतींचे आणि फोन फुटण्याच्या प्रमाणाचे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावच्या दुकानात विचारून त्या जागी खरे आकडे घालावेत, रीत तीच राहील.

दुरुस्ती की नवा?

पहिला मुद्दा असा की दोन वर्षांपूर्वी दिलेले चौदा हजार आता हिशोबात धरायचे नाहीत. फोन दुरुस्त केला तरी ते परत येणार नाहीत आणि नवा घेतला तरी येणार नाहीत. दोन्ही बाजूंना सारखीच असलेली रक्कम वजाबाकीत निघून जाते. तरीही "एवढे चौदा हजार घातलेत, टाकवत नाही" असे आपण म्हणतोच. तो भावनेचा भाग झाला.

मग तुलना कशाची करायची? पुढच्या प्रत्येक महिन्याला किती खर्च पडतो याची. नवा फोन १४,००० रुपयांचा आणि चार वर्षे, म्हणजे ४८ महिने, चालेल असे धरले तर महिन्याला सुमारे २९२ रुपये पडतात. ५,००० रुपयांत दुरुस्त केलेला जुना फोन अजून २४ महिने चालला तर महिन्याला २०८ रुपये, म्हणजे दुरुस्ती स्वस्त. पण तो १२ महिन्यांतच थकला तर महिन्याला ४१७ रुपये, म्हणजे नवा स्वस्त. सीमारेषा कुठे आहे? ५,००० ला २९२ ने भागा. उत्तर सुमारे १७ येते. जुना फोन दुरुस्तीनंतर सतरा महिन्यांहून अधिक चालणार असेल तर दुरुस्त करावा, नाहीतर नवा घ्यावा.

पण तो किती महिने चालेल हे कसे ठरवायचे? दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, कंपनीकडून सुरक्षेची नवी सॉफ्टवेअर येणे बंद झाले आहे का. बंद झाले असेल तर बँकेचे व्यवहार त्या फोनवरून करणे धोक्याचे होत जाते. दुसरी गोष्ट बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी कमी होते, आणि उष्णतेत हे अधिक वेगाने घडते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेल्या फोनचे वय थंड खोलीतल्या फोनपेक्षा लवकर वाढते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी नियम लागू केले. त्यांनुसार ८०० पूर्ण चार्जिंगनंतरही बॅटरीत मूळच्या ८० टक्के क्षमता शिल्लक राहायला हवी आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळायला हवेत. रोज एक पूर्ण चार्जिंग धरले तर ८०० म्हणजे दोन वर्षे आणि सव्वादोन महिने. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. फोन घेण्यापूर्वी त्याच्या डिस्प्लेची आणि बॅटरीची किंमत विचारण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागायची आहे.

आमच्या शिक्षिकांच्या फोनची बॅटरी बरी होती. त्यांनी तो दुरुस्त केला. आता तिसऱ्या सरांच्या वाक्याकडे वळू.

विमा काढायला हवा होता का?

समजा, वर्षाचा विमाहप्ता १,००० रुपये आहे. फोन फुटला तर ५,००० चा खर्च कंपनी देणार. अशा फोनपैकी वर्षात दहातला एक फुटतो असे धरू. म्हणजे फुटण्याची संभाव्यता दहात एक.

दहा जणांनी हप्ता भरला तर कंपनीकडे १०,००० जमले. त्यातून एकाला ५,००० गेले. उरलेले ५,००० कुठे गेले? विक्रेत्याचे कमिशन, कार्यालयाचा खर्च, दावे तपासण्याचा खर्च, १८ टक्के जीएसटी आणि नफा. यात लबाडी आहे असे नाही. बसच्या तिकिटात डिझेलखेरीज चालक-वाहकाचा पगारही असतो, तसेच हे. पण भरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सरासरी ५०० रुपयांच्या नुकसानीसाठी तो १,००० रुपये देत आहे.

विकणारा हे असे मांडत नाही. तो म्हणतो, "हजारात चौदा हजारांची निश्चिंती." या वाक्यात हप्त्याची तुलना फोनच्या किमतीशी केलेली आहे आणि फुटण्याची संभाव्यता गाळलेली आहे. मुलांना या वाक्यातली चूक शोधायला सांगावी. बहुतेक वर्गांत एखादे मूल तरी विचारतेच, "पण फुटलाच नाही तर?"

हेच दहा वर्षांसाठी करून पाहू. दहा वर्षांत हप्ते १०,००० रुपये होतात, म्हणजे बरोबर दोन दुरुस्त्यांची रक्कम. विमा फायद्यात पडायला दहा वर्षांत निदान तीनदा फोन फुटायला हवा. एकदाही न फुटण्याची संभाव्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. नेमके एकदा फुटण्याची सुमारे ०.३९ आणि नेमके दोनदा फुटण्याची ०.१९. या तिन्हींची बेरीज ०.९३ होते. म्हणजे शंभरात सुमारे सात जणांनाच विमा फायद्यात पडेल. एकोणीस जणांची बरोबरी होईल आणि चौऱ्याहत्तर जण तोट्यात राहतील.

शिवाय बारीक अक्षरातल्या अटी असतात. बहुतेक योजनांत प्रत्येक दाव्यामागे काही रक्कम आपल्या पदरची घालावी लागते. फोन जुना होत जातो तसा घसारा कापला जातो. चोरी झाल्यास पोलिसांत नोंद लागते, आणि बसमध्ये विसरलेला फोन 'चोरी'त बसेलच असे नाही. वाढीव वॉरंटी ही तर निराळीच गोष्ट आहे. तिच्यात कारखान्यातून आलेला दोष दुरुस्त होतो, फरशीवर पडलेला फोन नाही. दोन्ही एकाच काउंटरवर विकतात, त्यामुळे गोंधळ होतो. पदरच्या रकमेची अट ग्राहकाला सावध ठेवण्यासाठी असते, असे विमाशास्त्र सांगते. विमा आहे म्हटल्यावर माणूस फोन जपून वापरत नाही, आणि ज्याच्या हातून नेहमी फोन पडतो तोच आधी विमा घेतो. कंपनी हे दोन्ही ओळखून असते.

तर मग विमा घेणे हा मूर्खपणाच ठरतो का? इथपर्यंतच्या गणिताचे उत्तर तसेच आहे. पण ते गणित एक गोष्ट विसरते.

पाच हजार कोणाचे?

१७३८ साली डॅनियल बर्नुली या गणितज्ञाचा एक निबंध सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने छापला. त्यात एका व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. त्याने ॲमस्टरडॅममध्ये माल घेतला आहे. तो पीटर्सबर्गला सुखरूप पोचला तर १०,००० रुबल मिळतील. त्या ऋतूत शंभरातली पाच जहाजे बुडतात. विमा ८०० रुबलच्या खाली मिळत नाही. सरासरी नुकसान १०,००० चे पाच टक्के, म्हणजे ५०० रुबल. आपल्या फोनसारखाच हाही विमा महाग आहे. व्यापाऱ्याने तो घ्यावा का?

बर्नुलीचे उत्तर असे की ते व्यापाऱ्याजवळ याखेरीज किती पैसा आहे त्यावर अवलंबून आहे. तो ५,०४३ पेक्षा कमी असेल तर घ्यावा, जास्त असेल तर घेऊ नये. आणि विमा विकणाऱ्याजवळ निदान १४,२४३ असल्याशिवाय त्याने तो विकू नये.

हे त्याने कसे काढले? त्याचे म्हणणे असे की माणसाला रुपये बोचत नाहीत, आपल्या शिलकीचा कितवा हिस्सा गेला ते बोचते. ज्याच्याजवळ १०० आहेत त्याचे ५० गेले काय आणि ज्याच्याजवळ १०,००० आहेत त्याचे ५,००० गेले काय, दुखणे सारखेच. असा हिशोब करायचा तर रकमांची बेरीज करून चालत नाही, गुणाकार करावा लागतो, कारण गुणाकारात 'अर्धे होणे' कुठेही सारखाच फरक पाडते.

फोनवर हे करून पाहू. दहा जण आहेत आणि प्रत्येकाजवळ ६,००० रुपये शिल्लक आहे. सोयीसाठी हजारात मोजू. विमा नसेल तर नऊ जणांजवळ ६ उरतात आणि फोन फुटलेल्याजवळ १ उरतो. गुणाकार ६ चा नववा घात गुणिले १, म्हणजे १,००,७७,६९६. विमा असेल तर दहाही जणांनी एकेक हजार भरले, प्रत्येकाजवळ ५ उरले. ५ चा दहावा घात ९७,६५,६२५. विमा नसलेली संख्या थोडी मोठी आहे. म्हणजे सहा हजार शिल्लक असणाऱ्याने विमा घेऊ नये, पण थोडक्यातच.

आता शिल्लक ५,५०० धरा. विमा नसताना ५.५ चा नववा घात गुणिले ०.५, म्हणजे सुमारे २३ लाख. विमा असताना ४.५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३४ लाख. इथे विमा सरळसरळ बरा ठरतो. शिल्लक २०,००० असेल तर उलट, सुमारे ७.६८ लाख कोटी विरुद्ध ६.१३ लाख कोटी, म्हणजे विम्याशिवायच बरे. पारडे फिरते ते सहा हजारांच्या किंचित खाली.

तोच फोन, तोच हप्ता, तीच फुटण्याची संभाव्यता. पण नियमित पगार घेणाऱ्या शिक्षिकेने विमा घेऊ नये आणि त्याच शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी घ्यावा, असे उत्तर निघते. आम्हाला हे पहिल्यांदा पाहताना विचित्र वाटले, कारण आपण नेहमी उलटे होताना पाहतो. फोनचा विमा घेतात ते पगारदार. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापाशी हप्त्याचे हजार रुपयेच नसतात. फोन फुटला की ते उसने काढतात. शेकडा पाच रुपये महिना अशा व्याजाने पाच हजार काढून दहा महिन्यांनी एकरकमी फेडले तर व्याजाचेच २,५०० होतात. म्हणजे त्यांच्यासाठी तीच दुरुस्ती साडेसात हजारांची होते.

एक लाख फोन

हा केवळ कागदावरचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात २०१९ मध्ये पोषण अभियानाच्या नोंदी ठेवण्यासाठी अंगणवाडी सेविकांना सरकारकडून स्मार्टफोन देण्यात आले. असे फोन एक लाखाहून अधिक होते आणि त्यांची रॅम २ जीबी होती. मुलांची वजने, उंची, आहार यांच्या नोंदी त्यांवरच भरायच्या होत्या. दोन वर्षांत ते अडकू लागले, तापू लागले. वॉरंटी संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर येऊ लागला. तेव्हा सेविकांचे महिन्याचे मानधन दहा हजारांच्या आत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन कार्यालयांत नेऊन परत करण्याचे आंदोलन केले. इंग्रजी ॲपचीही तक्रार होती, पण इथे आपला संबंध दुरुस्तीशी आहे.

हा खर्च कोणी सोसावा याला न्यायाची एक बाजू आहे. काम सरकारचे, तर साधनही सरकारचे. ती बाजू क्षणभर ठेवून केवळ संख्याशास्त्राने पाहू.

एका सेविकेचा फोन यंदा फुटेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. तिचा खर्च एक तर शून्य किंवा पाच हजार. आता वीस शिक्षकांची शाळा घ्या. दहात एक या प्रमाणाने सरासरी दोन फोन फुटतील. पण एकही न फुटण्याची संभाव्यता शंभरात बारा आहे, तीन किंवा अधिक फुटण्याची शंभरात बत्तीस आणि पाच किंवा अधिक फुटण्याची शंभरात चार. म्हणजे वीस जणांनी ५००-५०० काढून भिशीसारखा निधी केला तर दर तीन वर्षांतून एकदा तो कमी पडेल. आधीच्या वर्षांची शिल्लक ठेवली तर भागेल, पण पहिल्याच वर्षी पाच फुटले तर भांडणे होतील.

हे वर्गात प्रत्यक्ष करता येते. दहा चिंचोके घ्या, एकाला खडूने खूण करा आणि डब्यात टाका. वीस मुलांनी एकेक करून न पाहता चिंचोका काढायचा, परत टाकायचा. खुणेचा आला तर त्याचा फोन फुटला. ही झाली एक वर्षाची गोष्ट. पंधरा-वीस वर्षे खेळा आणि दरवर्षी किती फुटले ते फळ्यावर मांडा. एखादे वर्ष कोरडे जाईल, एखाद्या वर्षी चार-पाच फुटतील. सरासरी दोनच्या आसपास येत गेलेली दिसेल.

आता एक लाख फोन. सरासरी दहा हजार फुटतील. चढउतार किती? संख्याशास्त्रात त्याचे माप प्रमाण विचलन. ते काढायला फोनांची संख्या, फुटण्याची संभाव्यता आणि न फुटण्याची संभाव्यता यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे. १,००,००० × ०.१ × ०.९ = ९,०००, वर्गमूळ सुमारे ९५. शंभरातल्या पंच्याण्णव वर्षांत संख्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट अंतरात, म्हणजे ९,८१० ते १०,१९० यांच्या दरम्यान, पडेल. चूक दोन टक्क्यांच्या आत. फोनांची संख्या शंभर पटींनी वाढली की चढउतार दहा पटींनीच वाढतो, कारण मध्ये वर्गमूळ आहे. याकोब बर्नुलीच्या १७१३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात मोठ्या संख्यांचा हा नियम सिद्ध केलेला आहे. हा वर सांगितलेल्या डॅनियलचा काका.

म्हणजे ज्या खर्चाचा अंदाज सेविकेला शून्य ते पाच हजार यांत कुठेही लागत नव्हता, तोच खर्च लाख फोनांच्या मालकाला जवळजवळ पगारासारखा ठरलेला असतो. फोनमागे वर्षाला ५०० रुपये, एकूण ५ कोटी, आणि चढउतार फार तर साडेनऊ लाखांचा. त्यासाठी विमा कंपनीचीही गरज नाही. अंदाजपत्रकात फोनच्या खरेदीशेजारी दुरुस्तीची एक ओळ पुरते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे सगळे गणित फोन एकमेकांपासून स्वतंत्रपणे फुटतात या गृहीतावर उभे आहे. सगळेच फोन कमी क्षमतेचे निघाले आणि नवे ॲप आल्यावर एकदम अडकू लागले, तर वर्गमूळ कामाला येत नाही. २०२१ च्या तक्रारींत हाही भाग होता.

कपाशीचे तसे नाही

स्वतंत्रपणा नसला की काय होते हे वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा हिंगणघाट, समुद्रपूर भागात शेते पाण्याखाली गेली. एकाच नदीकाठच्या वीस शेतकऱ्यांनी कपाशीसाठी भिशी केली असती तर त्या वर्षी विसांचेही पीक गेले असते आणि देणारा कोणीच उरला नसता. चिंचोक्यांच्या खेळात वीस मुलांनी वेगवेगळे चिंचोके काढण्याऐवजी एकानेच काढून तो विसांनाही लागू करावा, तसे हे. सरासरी तीच राहते, पण चढउतार प्रचंड होतो. मुलांना हा दुसरा खेळही खेळायला लावावा. बहुतेक वर्षे शून्य आणि मग एकदम वीस.

म्हणून पीकविम्याला तालुका पुरत नाही, जिल्हा पुरत नाही. वर्ध्यात पूर आला त्या वर्षी दुसरीकडे बरे पिकले असेल, इतका मोठा प्रदेश एकत्र घ्यावा लागतो, आणि तरीही सरकारला मोठा वाटा उचलावा लागतो. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त इतका ठरला: सोयाबीनसारख्या खरीप तेलबियांना २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कपाशीसारख्या नगदी पिकांना ५ टक्के. उरलेला केंद्र आणि राज्य भरते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा वाटाही राज्याने भरला आणि त्याने एक रुपया द्यायचा असे ठरले. ते २०२५ च्या खरिपापासून बंद झाले आणि शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला.

फोनचा विमा आणि पिकाचा विमा यांना आपण एकच शब्द वापरतो, पण एकात लहान आणि सुटे सुटे नुकसान आहे, दुसऱ्यात वर्षाची कमाई एकदम, साऱ्या गावाची. बर्नुलीच्या कसोटीवरही पीकविमा वेगळाच ठरतो. जिथे शिलकीच्या मानाने नुकसान मोठे आणि हप्त्याचा बराच भाग दुसरा भरतो, तिथे गुणाकार करून पाहण्याचीही फारशी गरज नाही. दावा वेळेवर आणि पुरेसा मिळतो का हा प्रश्न राहतो, आणि तो मोठा आहे, पण त्याला वेगळा लेख लागेल.

काच का फुटते?

विमा नुकसान भरून देतो, नुकसान टाळत नाही. संभाव्यता कमी करणे हे आपल्याच हाती असते, म्हणून थोडे भौतिकशास्त्र.

२०० ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला तर फरशीला टेकताना त्याच्यात सुमारे २ ज्यूल ऊर्जा असते. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. फोन एका मिलिमीटरच्या आत थांबला तर सरासरी बल सुमारे २,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २०० किलो वजनाइतके. तेच मऊ कव्हर तीन मिलिमीटर दबले तर बल एक-तृतीयांशावर येते. कोपऱ्यावर पडला तर हे बल लहानशा जागेवर एकवटते.

फोनची काच साधी नसते. ती वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात सुमारे ४०० अंशांवर बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. गर्दीच्या बसमध्ये बारीक माणूस उतरून त्या जागी जाड माणूस बसावा तशी पृष्ठभागावर दाटी होते. दाबाखाली असलेल्या पृष्ठभागावर तडा सहज उघडत नाही. पण सूक्ष्म ओरखडे हे वर्म राहतेच. काच तिच्या रेणूबंधांच्या मानाने फारच कमी बलाने फुटते, कारण ताण ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये दाखवले. खिशातल्या किल्ल्यांनी काचेला फारसे काही होत नाही. बांधकामाच्या वाळूतले क्वार्ट्झ मात्र काचेपेक्षा कठीण असते, मोहच्या मापावर ७, आणि काच सहाच्या आसपास. आज खिशात पडलेला वाळूचा ओरखडा पुढच्या महिन्यात फरशीवर तड्याचे तोंड होतो.

२५० रुपयांचे कव्हर दोन वर्षे टिकले तर वर्षाला १२५ रुपये. त्याने फुटण्याची संभाव्यता दहात एकवरून विसात एक झाली असे धरले तर सरासरी नुकसान ५०० वरून २५० वर येते. वाचले २५०, खर्च १२५. हजार रुपयांच्या विम्याचे गणित कधीच इतके चांगले जुळत नाही. आमच्या शिक्षिकांनी दुरुस्तीच्या दिवशीच कव्हर घेतले. ते फोन फुटल्यावर घेतले म्हणून शिक्षकखोलीत थोडी थट्टा झाली.

मुलांनी काय मोजावे

दहात एक हा आकडा आम्ही धरलेला आहे. आपल्या गावचा आकडा मुले काढू शकतात. प्रत्येकाने आपल्या आणि शेजारच्या दोन घरी विचारायचे: घरात फोन किती, गेल्या बारा महिन्यांत किती फुटले, दुरुस्तीला किती लागले, पैसे शिलकीतून आले की उसने काढले, कव्हर होते की नव्हते. फोनची किंमत आणि वय विचारावे, मालकाचे नाव लिहू नये. चाळीस मुलांच्या वर्गाकडून एकशेवीस घरांची माहिती येते.

एक चूक हटकून होते. मुले फक्त दुरुस्त झालेले फोन मोजतात. काच फुटलेली असतानाच चिकटपट्टी लावून वापरात असलेले फोनही विचारून मोजायला हवेत, आणि फुटला म्हणून फडताळात पडून राहिलेलेही. दुकानात जाऊन मोजले तर हे दोन्ही सुटतात आणि गरीब घरांतले फोन कमी फुटतात असा उलटाच निष्कर्ष निघतो. कव्हर असलेले आणि नसलेले असे दोन वेगळे तक्ते करावेत. मग वरची सगळी उदाहरणे, बर्नुलीच्या गुणाकारासकट, आपल्या आकड्याने पुन्हा करावीत. दहात एकऐवजी पाचात एक निघाला तर हजार रुपयांचा हप्ता आणि सरासरी नुकसान एकच होईल, आणि तिसऱ्या सरांचे म्हणणे पुन्हा ऐकावे लागेल.